एसबीआर की फायटोरिड? दोन्ही चालवून पाहिल्यावर

गावाचं सांडपाणी शुद्ध करायला एसबीआर घ्यावा (टाकीत हवा फुंकून, मग गाळ खाली बसवून पाणी साफ करणारा यांत्रिक प्रकल्प) की फायटोरिड (झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यांतून पाणी सोडून ते साफ करायची पद्धत), हा वाद शेजारच्या नगरपंचायतीत सध्या पेटलाय आणि मी दोन्ही चालवलेत म्हणून फोन मला येतात. आधीच्या गावी तीन वर्षं एसबीआर सांभाळला, इथे चार वर्षं फायटोरिड. काटेकोर आकडे फार नाहीत माझ्याकडे, जे पाहिलं ते सांगतो.

जागेच्या बाबतीत एसबीआर सरळ जिंकतो. पाच हजार वस्ती, माणशी 135 लिटर, त्यातलं 80 टक्के गटारात, म्हणजे रोज साडेपाच लाख लिटरच्या आतबाहेर. एवढ्याला एसबीआर थोड्या गुंठ्यांत बसतो. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने काढलेल्या फायटोरिडला जागा कमी लागते असं सांगणारे भेटतील. मी आपला माणशी एक चौरस मीटर धरतो, कारण खडी चोंदायला लागली की मोकळा वाफा हाताशी असावा लागतो. म्हणजे सव्वा एकर, तीही गावाच्या उतारावर. आम्हाला जुन्या खाणीलगतची पडीक जागा मिळाली, सगळ्यांचं नशीब तेवढं नसतं.

पाण्याच्या दर्जातही एसबीआर उजवाच, नीट चालला तर. केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. एसबीआर त्याच्या बराच खाली जातो, नायट्रोजनही बऱ्यापैकी काढतो. आमचे वाफे 30 च्या आत राहतात, पण नायट्रोजन-फॉस्फरस पुरता जात नाही. खालच्या बंधाऱ्यात उन्हाळ्यात जलपर्णी अजूनही धरते, ते कशाला लपवू? क्लोरीन दोन्हीकडे द्यावंच लागतं.

आता ‘नीट चालला तर’ या तीन शब्दांकडे येतो. त्या गावी दर गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून लाइट नसायची. जनरेटर होता, डिझेलचं बिल मात्र दोन-दोन महिने मंजूर व्हायचं नाही. टाकीत हवा फुंकणारा ब्लोअर थांबला तरी सुरुवातीला काही कळत नाही. दुपारपर्यंत टाकीतला तपकिरी गाळ काळपट पडायचा, ओल्या मातीचा वास जाऊन कुजक्या अंड्यांचा यायचा. पंपही बंद, मागून गावाचं पाणी येतच असायचं. चेंबर तुंबलं की ऑपरेटर बिचारा बायपासचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि सगळं तसंच्या तसं ओढ्यात. शुक्रवारी लाइट असली तरी गाळ धड खाली बसायचा नाही, सावरायला आणखी दोन-तीन दिवस. तोवर पुढचा गुरुवार उंबरठ्यावर. एका एप्रिलमध्ये ओढ्याच्या डोहात मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना पाहिले. लॅबचा रिपोर्ट त्या महिन्यातही उत्तम होता, कारण नमुना मंगळवारी घेतला होता.

हे सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. दोन ब्लोअर आणि भरवशाचा माणूस असेल तिथे एसबीआर सुरेख चालतो. पण इथे निवड करायची वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गुरुवार होता.

फायटोरिडला कटकट नाही असं नाही. जाळीत अडकलेल्या कॅरीबॅगा रोज काढाव्या लागतात, एक दिवस चुकलं की पाइप तुंबतो. कर्दळ आणि पाणकणीस दोन-तीन महिन्यांनी छाटायची, आणि छाटताना सापाच्या भीतीने मजूर टिकत नाहीत. डास होतील म्हणून आधी ओरड झाली होती, पण पाणी खडीच्या खालून जातं, वर साचत नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पाणी उताराने आपोआप वाहतं. लाइट गेली तरी वाफ्याला पत्ता नसतो, वासही जवळ गेल्यावरच येतो.

जागा असेल तर मी वाफ्यांकडे झुकेन. नसेल तर एसबीआर घ्या, हरकत नाही, फक्त दुसरा ब्लोअर आणि जनरेटरच्या डिझेलचा खर्च कोण करणार ते टेंडरमध्येच लिहून घ्या.