आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि कोपऱ्यातलं बाकडं

मालवणात भरडावरून बाजारपेठेतून बंदराकडे उतरताना एक कौलारू खानावळ लागते. पाटी नाही. काकी सकाळी सातला चूल पेटवतात, अकरापर्यंत पीठ संपतं.

आंबोळी घ्यायचीच. तापलेल्या बिडाच्या तव्यावर काकी नारळाच्या शेंडीने तेल फिरवतात, पीठ घालतात, वर झाकण. कड कुरकुरीत, मध्ये जाळी, आंबटपणा बेताचा. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. वाटपाचा कांदा आणि खोबरं चांगलं काळसर होईस्तोवर भाजलेलं, आणि वाटाणा बोटाने दाबला की मऊ, तरी अख्खा. कच्चट वाटप मी बऱ्याच मोठ्या हॉटेलांत खाल्लंय, इथे कधीच नाही.

मार्च 2020 मध्ये पुण्यातलं हॉस्टेल दोन दिवसांत रिकामं करायला लावलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आठवड्याची सुट्टी समजून एक सॅक घेऊन आलो, आणि दीड वर्ष घरीच राहिलो. घरात रेंज नाही, म्हणून लेक्चरसाठी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, जाऊन बसायचो. गावातल्या मित्रांशी बोलणं दहावीनंतर तुटल्यातच जमा होतं. एक वडिलांसोबत रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे पकडायला, जायचा. दुसरा सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीवर होता, त्याचं काम बंद पडलेलं. रस्त्यात दिसले की हात वर करायचा, एवढंच.

त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली. त्याच आठवड्यात रापणीवाला सड्यावर आला. "काकीन आंबोळेचा पीठ केल्यान हा, चल." दारातच काकी म्हणाल्या, "पुण्याक जाऊन आमका इसारलंस मा रे?" बाकड्यावर खडूने फुल्या मारलेल्या, एक जागा सोडून एक. आम्ही तिघे तसेच लांब लांब बसलो आणि पहिली दहा मिनिटं नुसतं खाल्लं.

मग होडीवाल्याने विचारलं, "तू परत जातलंस?" मी म्हटलं, जाईन, पण तिथे दोन वर्षांत माझा एकही जवळचा मित्र झाला नाही. हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. त्याने आपली अर्धी आंबोळी माझ्या ताटात सरकवली. पुढे जवळपास रोज तिथे बसायचो. काकींनी कधी उठवलं नाही, मागे गिऱ्हाईक उभं असलं तरी.

बाकडी चारच आहेत, रविवारी अर्धा तास थांबावं लागतं. सुटे पैसे न्या, फोनवरून पैसे घेत नाहीत. चहा बराच गोड असतो, आधी सांगितलं तर कमी साखरेचा देतात. जून-जुलैत मासेमारीबंदी, तेव्हा ताज्या माशाचा आग्रह धरू नका. सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे भाजलेला सुका मासा कांदा-खोबऱ्यात कालवलेला, मागा, ती अप्रतिम असते. गणपतीत खानावळ बंद.

मी आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत एसटीने उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दोघे कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलेले, आणि काकींनी तीन आंबोळ्यांचं पीठ वाडग्यात झाकून ठेवलेलं.