पेनड्राइव्हवर लिहिलेलं ५१२ जीबी, आत निघाले २९!

यूएसबीवरून लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) बूट, म्हणजे सुरू होत नाही म्हणून बायोस, म्हणजे कॉम्प्युटरची सुरुवातीची सेटिंग्ज, उकरत बसला असाल, तर आधी हातातला पेनड्राइव्ह खरा आहे का ते बघा. मी बघितलं नाही. ५१२ जीबी सांगून २९.१ जीबीचा ड्राइव्ह माझ्या गळ्यात मारला आणि त्यात माझा ४६ जीबी डेटा गेला.

उबंटू या लिनक्सची ५.७ जीबीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) ड्राइव्हवर लिहिली, पहिल्याच फटक्यात बूट झाली. चार दिवस छान चालली. चालणारच, तेवढी जागा खरी होती! मग उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन (वेगळा कप्पा) केलं, लॅपटॉपमधले सगळे फोटो आणि कागदपत्रं त्यावर टाकली. पाच-सहा फोटो उघडून पाहिले, नीट उघडले. ते ड्राइव्हवरून नाही, रॅममधल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या प्रतीतून उघडत होते. कॉपी केल्यावर ड्राइव्ह काढून, परत लावून मगच तपासा.

मग लॅपटॉपवर उबंटू टाकायला ड्राइव्हवरचा इन्स्टॉलर सुरू केला. त्याने लॅपटॉपची डिस्क पुसली आणि अर्ध्यावर स्क्वॉशएफएसचे (उबंटूच्या फाइली दाबून ठेवलेल्या पॅकेजचे) एरर ओकायला लागला. रीस्टार्ट केलं तर काळा पडदा, इनिटरॅमएफएसचा (बूट अर्धवट अडकल्यावर दिसणारा) प्रॉम्प्ट आणि लाइव्ह फाइल सिस्टीम असलेलं मीडियम सापडत नसल्याचा मेसेज.

पुढच्या तीन रात्री बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, लेगसी चालू, फास्ट बूट बंद, चारही पोर्ट बदलून झाले. आयएसओचा शा-२५६ (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा कोड) जुळवला, तोही जुळला. पण तो डाउनलोड केलेल्या फाइलचा असतो, ड्राइव्हवर काय उतरलंय त्याचा नाही. दुसऱ्या मशीनवर पार्टिशन उघडलं तर निम्म्याहून जास्त फोटो करड्या पट्ट्या झालेले.

सगळ्यात जास्त जळतं ते वेगळंच. ड्राइव्ह आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहज 'एलएसयूएसबी -टी' (यूएसबीचा वेग दाखवणारी कमांड) मारलं होतं. पाकिटावर यूएसबी ३ छापलेलं, आणि समोर ४८०एम, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. म्हणजे चक्क यूएसबी २! ५०००एम दिसायला हवं होतं. मी बघितलं, पोर्ट जुना असेल म्हणालो आणि टर्मिनल बंद केलं. ४६ जीबी कॉपी व्हायला जवळजवळ दीड तास लागला, तेव्हाही गप्प बसलो. पण मी तरी काय करणार? 'एलएसबीएलके' (डिस्कचा आकार दाखवणारी कमांड) स्वतः ४७६.८जी दाखवत होतं. मोजायची पद्धत वेगळी असल्याने खऱ्या ५१२ जीबीचा आकडाही तिथे तसाच दिसतो. ड्राइव्हमधली कंट्रोलर चिपच सिस्टीमशी खोटं बोलत असेल तर माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

शेवटी एफ३प्रोब चालवलं, म्हणजे एफ३ या ड्राइव्हची खरी जागा तपासणाऱ्या संचातलं एक टूल (डिस्ट्रक्टिव्ह पर्यायाने डेटा जातो, आधी काय वाचवायचं ते वाचवा). निकाल: काउंटरफिट (नकली), प्रकार रॅपअराउंड. खरी जागा संपली की लिहिणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. माझेच फोटो माझ्याच बूट फाइलींवर बसले होते. बायोसचा काही संबंधच नव्हता.

विक्रेत्याला रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं, "विंडोजमध्ये फॉरमॅट करा, लिनक्स सपोर्टेड नाही." विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू हे तसंच टूल चालवून त्याचाही स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर उत्तरच नाही. जिथून घेतला त्या साइटचं म्हणणं, परतीचे १० दिवस उलटले. अहो, नकली माल उघडकीला यायलाच २३ दिवस लागले! सहा वेळा फोन, सहा वेगळी माणसं, प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. शेवटी लेखी तक्रार घेऊन गेलो, तर तक्रार घेणारा विचारतो, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" एफ३प्रोबचा कागद त्याने उलटून पाहिलासुद्धा नाही. साइटवर लिहिलेला माझा रिव्ह्यूही काढून टाकला.

नवा ड्राइव्ह आला की रिकाम्या ड्राइव्हवर एफ३राइट (तो भरून टाकतं) आणि मग एफ३रीड (भरलेलं परत वाचून तपासतं) चालवा, तेही परतीची मुदत असताना. रात्रभर लागली तरी लागू दे. 'डेटा लॉस्ट'समोर शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच दिवशी परत करा. आणि एकच प्रत असलेला डेटा पेनड्राइव्हवर टाकून मूळ डिस्क पुसू नका, ड्राइव्ह कितीही खरा असो.

एफ३फिक्स या टूलने मी माझ्या ड्राइव्हचं खऱ्या जागेइतकं, २९ जीबीचं पार्टिशन करून ठेवलंय. त्या विक्रेत्याकडे तोच ड्राइव्ह अजून ५१२ जीबी म्हणूनच विकला जातोय, आज सकाळीच पाहिलं.