कस्टम ट्यूनच्या नावाखाली दुसऱ्याच गाडीची फाइल

गाडीत मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, पुढे जाडजूड इंटरकूलर आणि रुंद इनटेक पाइप बसवला की ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाची) कंपनीची फाइल कामाची उरत नाही, हे या नादातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून तर आपण ट्यूनरकडे जातो. अडचण एवढीच की त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही. टर्बो वाकडा बसवला तर तेल गळतं, पाइप सैल राहिला तर शिट्टी वाजते. फाइल चुकीची असली तर सुरुवातीला गाडी उलट जास्तच छान पळते. माझ्या ट्यूनरने दुसऱ्या कुणासाठी बनवलेली फाइल माझ्या गाडीत टाकली, पैसे कस्टम ट्यूनचे घेतले आणि वर एक रंगीत डायनो ग्राफ (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा आलेख) हातात दिला. तो ग्राफ कसा तपासायचा आणि फाइल खरंच लिहिली की नाही हे कसं ओळखायचं, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

बोलायला माणूस पक्का. लॅम्डा, टायमिंग, वेस्टगेट ड्यूटी, सगळे शब्द जागच्या जागी. "सर, तुमच्याच गाडीवर, तुमच्याच पेट्रोलवर, डायनोवर बसून एकेक सेल (फाइलच्या कोष्टकातला चौकोन) लिहितो. रेडिमेड फाइल आपण टाकतच नाही." पैसे पूर्ण आगाऊ. काम चालू असताना थांबू का विचारलं, तर सुरक्षेचं कारण दिलं: पट्टे तुटू शकतात, खोलीत धूर असतो. कारण खोटं नाही, डायनोच्या खोलीत उभं राहणं धोक्याचंच. पण ज्यांना लपवायचं काही नसतं ते काचेपलीकडे खुर्ची टाकून देतात, स्क्रीन दिसेल अशी.

संध्याकाळी गाडी मिळाली. पिकअप जबरदस्त. आणि इथेच बहुतेकांची खात्री पटते, कारण बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढवला की पाठ सीटला चिकटतेच. त्यासाठी ट्यूनिंगची अक्कल लागत नाही, वेस्टगेट (टर्बोचा जादा दाब रोखणारी झडप) थोडा उशिरा उघडला की झालं. पाठीला जाणवलेला जोर हा ट्यून चांगली असल्याचा पुरावा कधीच नसतो.

पहिली शंका आली ती ट्रिप मीटरमुळे. गाडी सोडताना तो मी शून्यावर आणला होता. डायनोवर गाडी जागची हलत नसली तरी चाकं फिरतात, त्यामुळे ज्या चाकांवरून वेग मोजला जातो ती रोलरवर असली की किलोमीटर चढतात. दिवसभर डायनोवर असलेल्या गाडीत, एकेका सेलचं काम झालं असेल तर, बरेच किलोमीटर वाढलेले दिसायला हवेत. माझ्या मीटरवर जेमतेम दोन. गेटपासून लिफ्टपर्यंत आणि एखादी चक्कर, एवढ्यात बसणारा आकडा.

मग ग्राफ घेऊन बसलो. कागदावर दोन रेघा: निळी हॉर्सपॉवरची, लाल टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची). टॉर्क पाउंड-फुटात आणि दोघींना पट्टी एकच. टॉर्क आणि हॉर्सपॉवर या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. एक मोजतात, दुसरी तिच्यावरून काढतात. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२ म्हणजे हॉर्सपॉवर. जेम्स वॉटने एक हॉर्सपॉवर म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम असं धरलं. त्याला दोन पायने (२π) भागलं की ५२५२ येतात, एवढंच त्यामागचं गुपित. म्हणून या एककांत आणि एकाच पट्टीवर काढलेल्या खऱ्या ग्राफमध्ये, इंजिन तिथपर्यंत फिरत असेल तर, दोन्ही रेघा ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदतात. गाडी कुठलीही असो. माझ्या कागदावर त्या ४६०० च्या आसपास छेदत होत्या.

पुढचं गणित मोबाइलवर केलं. ६४०० आरपीएमला ४१२ हॉर्सपॉवर छापली होती. मग तिथे टॉर्क ३३८ हवा. लाल रेघ ३७५ वर होती. बरं, ३७५ खरा मानावा तर हॉर्सपॉवर ४५७ यायला हवी. म्हणजे कुठल्या तरी खऱ्या ग्राफची एक रेघ ओढून वर केली होती आणि दुसरीला तिच्याबरोबर न्यायचं राहून गेलं होतं. चोरी करायची तर निदान भागाकार तरी करावा! (तुमच्या ग्राफवर किलोवॅट आणि न्यूटन-मीटर असतील तर ५२५२ च्या जागी ९५४९ घ्या. पट्ट्या वेगवेगळ्या असल्या तर छेद बघू नका, आकडे घेऊन भागा.)

इंजेक्टरही तेच सांगत होते. माझे मिनिटाला ५५० सीसीचे, चार. रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा पेट्रोलचा दाब) कंपनीचंच. ८५ टक्के ड्यूटीवर, म्हणजे ८५ टक्के वेळ उघडे राहून, ते चौघे मिळून तासाला १८३ पाउंडांच्या आसपास पेट्रोल देऊ शकतात. पेट्रोल टर्बो इंजिनाला हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.५५ ते ०.६ पाउंड लागतं. म्हणजे तीनशे ते तीनशे तीसपर्यंत मजल, तीही क्रँकवर, म्हणजे चाकांपर्यंत जाताना होणारी घट धरण्याआधी. चाकांवर ४१२ कुठून आणणार?

फोन केला तर म्हणाला, "सर, आमचं करेक्शन वेगळं असतं." करेक्शन असतंच, ते खरं आहे. हवेचं तापमान, दाब आणि दमटपणा धरून आकडा एका प्रमाण हवामानावर आणतात. जुन्या एसटीडी गुणकाने तोच रन (डायनोवरची एक मोजणी) एसएई जे१३४९ या दुसऱ्या गुणकापेक्षा साधारण ४ टक्के जास्त दिसतो. आधीचा रन एका गुणकावर आणि नंतरचा दुसऱ्यावर छापला तरी फुकटची वाढ दाखवता येते. पण कुठलाही गुणक लावला तरी तो दोन्ही रेघांना सारखाच लागतो. छेद ५२५२ वरून हलत नाही. हे सांगितल्यावर त्याला दुसरा फोन आला.

दरम्यान गाडी कुरकुरायला लागली होती. चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज. चेक इंजिनचा दिवा मात्र बंद. तक्रार केली की तो फाइलची "नवी रिव्हिजन" देत राहिला: गाडी घेऊन या, लॅपटॉप जोडतो, झालं. इथे एक छोटी गोष्ट कामी आली. ओबीडीच्या (गाडीतल्या बिघाड तपासायच्या सॉकेटच्या) सर्व्हिस ०९ मध्ये सीव्हीएन नावाचा एक आकडा मिळतो. ईसीयू आपल्या आतल्या कॅलिब्रेशनवरून तो स्वतः काढतो आणि कॅलिब्रेशनमधला एखादा सेल जरी बदलला तरी आकडा बदलतो. साधा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइल ॲप पुरतं. काही ट्यूनर हा आकडा कंपनीचाच दिसेल अशी सोय करतात, त्यामुळे तो बदलला नाही एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण माझ्याकडे गाडी मूळ फाइलवर असतानाचा रिपोर्ट होता आणि पहिल्या ट्यूननंतर आकडा बदलला होता. म्हणजे तशी सोय केलेली नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक "रिव्हिजन"ला आकडा तोच. लॅपटॉप जोडायचा, स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकताना दाखवायची आणि तीच फाइल पुन्हा टाकायची. कदाचित तेवढंही करायचं नाही.

मग दुसऱ्या ट्यूनरकडे गेलो. फाइलला कुलूप होतं, ओबीडीतून वाचता येईना. त्याने ईसीयू काढून टेबलावर थेट जोडला आणि फाइल वाचली. टर्बो आणि इंजेक्टरची कोष्टकं बदललेली होती, माझ्याशी जुळणारीही. मास एअर फ्लो सेन्सरचं (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्याचं) कोष्टक मात्र कंपनीचं, हातही न लावलेलं. ज्याच्यासाठी ही फाइल बनली त्याचा टर्बो आणि इंजेक्टर माझ्यासारखेच असावेत, इनटेक पाइप मात्र मूळचा.

हा फरक किरकोळ वाटतो, तो तसा नाही. सेन्सर हवेचं वजन करत नाही. त्याच्या तारेवरून हवा किती जोरात जाते ते त्याला कळतं आणि ईसीयू पाइपचा व्यास माहीत आहे असं धरून बाकीचं ठरवतो. माझा पाइप ७० ऐवजी ८० मिलिमीटरचा. क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढलं, हवा त्याच प्रमाणात संथ झाली आणि ईसीयूला खऱ्या हवेच्या जेमतेम ७७ टक्के दिसू लागली. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. दोन्ही फ्युएल ट्रिम (ही पेट्रोलची दुरुस्ती, टक्क्यांत) मिळून तिशीच्या घरात गेले होते. पूर्ण थ्रॉटलला ती दुरुस्ती धड पोहोचत नाही. वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून बघितलं तर भर बूस्टवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा जितका जास्त तितकं मिश्रण पातळ) ०.८८, जिथे पेट्रोल टर्बोला ०.८० च्या आसपास हवा. त्याहून वाईट म्हणजे हवा कमी दिसली की ईसीयूला लोडही (इंजिनावरचा भार) कमी वाटतो, मग तो हलक्या लोडचं टायमिंग उचलतो, म्हणजे ठिणगी आणखी लवकर. मिश्रण पातळ, ठिणगी लवकर, बूस्ट वाढलेला. नॉकिंगला (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप, अवेळी भडकायला) आणखी काय लागतं?

आणि दिवा का लागला नाही, तेही त्या फाइलमध्येच सापडलं. मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ आणि मिसफायरचा पी०३०० हे दोन्ही कोड बंद केलेले. नॉक सेन्सरची मर्यादा इतकी वर नेलेली की आवाज मला ऐकू येत होता, ईसीयूला नाही. घाईत दुसऱ्याची फाइल टाकणं मी एक वेळ आळस म्हणून सोडून दिलं असतं. पण धोक्याचे दिवे मुद्दाम बंद करणाऱ्याला इंजिनाचं काय होणार हे ठाऊक असतं, त्याला फक्त ते आपल्या दारात व्हायला नको असतं.

इंजिनाचं व्हायचं ते झालंच होतं. तीन सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन १० बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरमध्ये ४. लीक-डाउन टेस्टला (सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून गळती बघतात ती) हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसत बाहेर. त्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकाकणारे ठिपके होते. तो पिस्टनचाच ॲल्युमिनियम. हेड काढल्यावर दोन रिंगांमधला पिस्टनचा काठ तुटलेला निघाला.

जुन्या ट्यूनरने सरळ काखा वर केल्या. बिलावर "ट्यूनिंग सर्व्हिस, फक्त ट्रॅक वापरासाठी" एवढी एकच ओळ. त्या ओळीचा अर्थ त्याच्या लेखी असा की रस्त्यावर जे होईल ते तुमचं. मूळ फाइल परत मागितली तर ती "सर्व्हरवरून उडाली". म्हणून सांगतो, गाडी देण्याआधीच मूळ फाइलची प्रत आपल्या पेन ड्राइव्हवर मागा, टाळाटाळ झाली तर किल्ली परत खिशात घाला. ग्राफच्या चित्रावर समाधान मानू नका, डायनोची मूळ रन फाइल मागा, आणि त्याच रनमधली लॅम्डाची रेघ. बिलावर कुठला टर्बो, किती सीसीचे इंजेक्टर, किती मिलिमीटरचा इनटेक हे लिहून घ्या. खरा ट्यूनर हे तुमच्याआधी स्वतःच विचारतो, कारण ते माहीत नसेल तर त्याला सुरुवातच करता येत नाही. माझ्या माणसाने पाइपचा व्यास विचारला नव्हता.

त्याच ट्यूनरकडून काम करून घेतलेला आणखी एक जण भेटला. गाडी वेगळी, इंजिन वेगळं. त्याचा ग्राफ माझ्या शेजारी ठेवला तर डाव्या कोपऱ्यातले तापमान, हवेचा दाब आणि दमटपणा हे तिन्ही आकडे दशांशापर्यंत तेच. तारखा मात्र वेगळ्या. त्याने बूस्ट उतरवून गाडी उभी केली, म्हणून त्याचं इंजिन अजून शाबूत आहे. आम्ही दोघांनी दोन्ही कागद, सीव्हीएनचे रिपोर्ट आणि दुसऱ्या ट्यूनरचा लेखी अहवाल जोडून तक्रार दिली आहे. कार्डाने भरलेल्या पैशांसाठी बँकेकडेही दावा टाकला आहे, निकाल यायचाय. तुमच्याकडेही असा एखादा रंगीत ग्राफ पडून असेल तर आधी तो डावा कोपरा कुणा दुसऱ्याच्या कागदाशी ताडून बघा, आणि मग ५२५२ ला दोन्ही रेघा भेटतात का ते.