मेसेज पुसायचाय? इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, टेलिग्राम: सोलापूरच्या दुकानदारांसाठी परीक्षण

सोलापुरात चादर, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशाचा बराचसा व्यवहार आता मेसेजवर होतो. डिझाइनचा फोटो, घाऊक भाव, बँक खात्याचा तपशील, कधी आधार-पॅनची प्रतसुद्धा त्याच चॅटमध्ये जाते. काउंटरवरच्या पोराने घाऊक भावाची यादी चुकून किरकोळ गिऱ्हाइकाला पाठवली, तर ती मागे घेता यायलाच हवी. म्हणून या तिन्ही ॲपना आम्ही एकच प्रश्न लावला: पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनमधूनही जातो का?

नुसत्या पुसण्याच्या बाबतीत टेलिग्राम सरस आहे. दोघांच्या खासगी चॅटमधला कोणताही मेसेज, अगदी समोरच्याने पाठवलेलासुद्धा, दोन्हीकडून काढता येतो. २०१९ पासून त्याला वेळेची अट नाही. मागे खूणही राहत नाही. पुसताना ‘समोरच्याकडूनही काढा’ अशा अर्थाचा जो चौकोन दिसतो, त्यावर टिक करायला तेवढे विसरू नका. पण हेच दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. तुम्हाला मिळालेली ऑर्डर गिऱ्हाईक तुमच्या फोनमधूनही काढून टाकू शकते. त्यामुळे टेलिग्रामवर पक्का सौदा ठरला, तर नग, माप आणि भाव लगेच वहीत किंवा बिलात उतरवा.

इन्स्टाग्रामला आम्ही दुसरा क्रमांक देतो. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरले की ‘अनसेंड’ दिसते. तो दाबला की मेसेज दोन्हीकडून जातो, चॅटमध्ये ‘मेसेज पुसला’ अशी ओळ उरत नाही आणि जुन्यात जुना मेसेजही काढता येतो. मात्र एकेक मेसेज हातानेच काढावा लागतो. वर्षभर चाललेली चौकशी साफ करायची तर बसून बोट दुखवायचे, दुसरा सरळ मार्ग ॲपमध्ये नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. कंटाळून अख्खे चॅट डिलीट केले, तर ते फक्त तुमच्याकडून जाते. समोरच्याकडे शब्दन् शब्द तसाच राहतो. वर तुमच्या फोनवर ते मेसेज आता दिसतच नाहीत, त्यामुळे अनसेंड करायची संधीही जाते. म्हणून क्रम पाळा: आधी नको असलेले मेसेज अनसेंड करा, मग चॅट काढा. हिशेबाचे काही हवे असेल तर त्याही आधी इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन आपल्या माहितीची प्रत मागवा. तिथे फक्त ‘मेसेजेस’ निवडता येतात आणि तारखाही ठरवता येतात.

‘एका क्लिकवर सगळे मेसेज अनसेंड’ म्हणणारी बाहेरची ॲप आणि ब्राउझरला जोडायची छोटी प्रोग्राम (एक्स्टेंशन) वापरू नका, हे आम्ही ठामपणे सांगतो. त्यांना तुमच्या लॉगिनचा ताबा द्यावा लागतो. दुकानाचे अकाउंट हातचे गेले, तर वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइकेही त्याबरोबर जातात.

व्हॉट्सॲप तिसरे. वापर सर्वाधिक याचाच, म्हणून नीट समजून घ्या. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत २०१७ साली फक्त ७ मिनिटांची होती, ऑगस्ट २०२२ पासून ती २ दिवसांहून थोडी जास्त आहे. शनिवारी सकाळी गेलेला चुकीचा भाव सोमवारी सकाळी निघेल, बुधवारी नाही. पुसल्यावर ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी ओळ राहते, म्हणजे काहीतरी काढले हे समोरच्याला कळतेच. घाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबले गेले, तर खाली ‘अनडू’ येते. ते जेमतेम ५ सेकंद टिकते. ते चुकले की मेसेज तुम्हाला दिसत नाही आणि समोरच्याला दिसत राहतो.

मेसेज पुसला तरी फोटो मागे राहू शकतो. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत सेव्ह होत असतील, तर तिथली प्रत उरण्याची शक्यता धरूनच चाला. अँड्रॉइड ११ आणि पुढच्या फोनमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी (आलेल्या सूचनांची नोंद) चालू असेल, तर पुसलेला मजकूर तिथे २४ तास वाचता येतो. स्क्रीनशॉटवर तर इलाजच नाही. म्हणून आधारची प्रत द्यावीच लागली तर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार घ्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. नेहमीच्या चौकशीच्या चॅटला डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर मेसेज आपोआप जाण्याचा पर्याय, लावून ठेवा: २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. कापडाच्या व्यवहारात उधारी महिनोन् महिने चालते, त्यामुळे व्यापाऱ्यांच्या चॅटला तो लावू नये असे आमचे मत आहे.

दुकानाचा नंबर कोणाकोणाच्या यंत्रावर उघडा आहे, हेही बघा. व्हॉट्सॲप फोनशिवाय आणखी ४ ठिकाणी जोडता येते. काम सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर ते अजून चालू असेल, तर तुम्ही काय पुसता यापेक्षा तो काय वाचतो हा प्रश्न मोठा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन अनोळखी यंत्र लॉगआउट करा. इन्स्टाग्रामसाठी अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड आणि सुरक्षा’खाली लॉगिन असलेल्या ठिकाणांची यादी मिळते. ती पाहून झाली की पासवर्ड बदला.

अकाउंटच बंद केले की सगळे पुसले जाईल, ही समजूतही चुकीची आहे. तुम्ही व्हॉट्सॲप किंवा फेसबुक सोडले तरी समोरच्याकडे आधीच गेलेले मेसेज त्याच्याकडेच राहतात.

कोणी धमकी देत असेल, पैसे उकळत असेल किंवा खोट्या ऑर्डरने फसवले असेल, तर यातले काहीही करू नका. चॅट जसेच्या तसे ठेवा. नंबर, तारीख, वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. पुरावा म्हणून लागेल असा इलेक्ट्रॉनिक मजकूर तो सादर होऊ नये म्हणून नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

नवी पेठेत जुना मोबाईल देऊन नवा घेताना नुसते चॅट पुसून फोन काउंटरवर ठेवू नका. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज फोनमध्येच बॅकअप करते आणि गेल्या ७ दिवसांपर्यंतच्या फाइली ठेवते. आधी बॅकअप गूगल खात्यावर न्या, नव्या फोनवर चॅट आली याची खात्री करा, मेमरी कार्ड काढून घ्या आणि मगच जुन्या फोनचा फॅक्टरी रीसेट (फोनमधले सगळे पुसून तो कोरा करणे) दुकानात आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण होऊ द्या.