प्लिकर्सची कार्डं: मोबाइल फक्त बाईंच्या हातात

"समजलं का?" विचारलं की आमचा सातवीचा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्या 'हो'त किती दम होता ते घटक चाचणीचे पेपर तपासताना कळतं, पण तोवर पुढचे दोन पाठ झालेले असतात. म्हणून जूनपासून प्लिकर्स या मोबाइल ॲपची कार्डं वापरतेय.

प्रत्येकाला हजेरी क्रमांकाचं एक कार्ड. मधे काळा वेडावाकडा ठसा, चार कडांना बारीक ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावासकट दिसतं. ठसा प्रत्येकाचा निराळा, त्यामुळे शेजाऱ्याच्या कार्डात डोकावून हाती काही लागत नाही. मुलांकडे फोन लागत नाही, आणि कार्डांची पीडीएफ फुकट मिळते.

हौसेने चकचकीत लॅमिनेशन केलं ती माझीच चूक. खिडकीकडची रांग उजेडात नुसती चमकायची, कॅमेऱ्याला ठसाच दिसेना. आता साध्या प्रिंट जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवल्यात. ठशावर बोटं येऊ द्यायची नाहीत, हे मात्र दर वेळी ओरडून सांगावं लागतं.

भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ होऊन आठवडा झाल्यावर, न सांगता विचारलं: उधाणाची भरती कधी येते? 31 पैकी 17 कार्डं 'फक्त पौर्णिमेला'वर! समुद्र शाळेपासून दहा मिनिटांवर, आणि ही तऱ्हा. बरोबर उत्तरांत मागच्या बाकावरचं एक नाव दिसलं, जो एरवी हात वर करत नाही. वडील होडीवर जातात त्याचे. "बाई, अवसेला पण उधाण असतं. अष्टमीला भांग." भांग म्हणजे लहान भरती. त्यालाच फळ्याजवळ बोलावलं. तो बोलत गेला, मी सूर्य, चंद्र, पृथ्वी काढत गेले.

एक उणीव आहेच. पर्याय समोर असले की मुलं उत्तर ओळखतात, आठवत नाहीत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. म्हणून मी आधी वह्या मिटायला लावते, उत्तर पाटीवर लिहून घेते आणि मगच फळ्यावर पर्याय लिहिते. पाटीवर एक आणि कार्डावर दुसरं, असं झालं की त्या मुलाशी बोलायचं.

वेळ म्हणाल तर पाच प्रश्नांना पंधरा मिनिटं जातात. आठवड्यातून एकदा पुरे. आणि गुण वहीत मांडू नका. मी एकदा मांडले, तर पुढच्या शुक्रवारी कार्डं वर जायच्या आधी बाकांखालून बोटांच्या खुणा सुरू झाल्या. ए म्हणजे एक बोट, बी म्हणजे दोन.