चेरीची पेटी घेताय? आधी तळ बघा

वर चांगला माल आणि खाली कचरा ही चाल जुनीच, ती समजावून सांगायची गरज नाही. मलाही माहीत होती. तरी फळवाल्याने फसवलंच.

पेटीवर छापलेलं वजन 2 किलो. घरी काट्यावर ठेवली तर पुठ्ठ्यासकट बरोबर 2 किलो, आणि नुसता ओला पुठ्ठा 210 ग्रॅम! म्हणजे फळ 1 किलो 790 ग्रॅम. त्यातली खाण्याजोगी 640. बाकी 1 किलो 150 ग्रॅम मऊ, चिरलेली नाहीतर बुरशी धरलेली. वरच्या थराचे देठ हिरवेगार, खालच्यांचे चक्क उपटलेले. देठ तपकिरी पडला की माल जुना हे कळतं, म्हणून तो ठेवतच नाहीत. बिनदेठाची चेरी ढिगाने दिसली तर पुढे चला.

आणि ती ओल! पेटीचा खालचा कोपरा ओलसर लागला, मी विचारलंही. "ताई, कोल्ड स्टोरेजचा माल आहे, घाम सुटणारच." थंड फळ बाहेर आलं की त्यावर पाणी जमतं हे खरंच आहे, कुणालाही पटलं असतं. पण घामाला रंग नसतो हो! ओल लालसर होती, बोटाला चिकटली होती. ते बोट मी रुमालाला पुसलं आणि पैसे मोजून दिले. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

वर सल्ला काय, "फिकट निघाल्या तर दोन दिवस बाहेर ठेवा, पिकतील." साफ खोटं. चेरी झाडावरून उतरली की पुढे पिकत नाही, फक्त शिळी होते. या सल्ल्यातली मेख परत द्यायला गेल्यावर कळली: "तुम्हीच बाहेर ठेवली असणार!" अहो, मी आणल्या आणल्या फ्रिजमध्ये टाकली होती, तीही न धुता. (धुऊन ठेवू नका, ओलीला बुरशी लगेच धरते. खायच्या आधी धुवा.) एवढं मात्र करा, ठेवण्याआधी सगळी ताटात ओतून नासकी वेगळी काढा. एक सडकी शेजारच्या चारांना घेऊन जाते.

तक्रारीचं तर विचारूच नका. ग्राहक तक्रारीच्या फोनवर म्हणाले, नाशवंत माल आहे, फोटो पाठवा. पाठवले. मग म्हणाले, वजनाचा भाग वजनमापवाल्यांकडे. तिथले साहेब म्हणतात, "पेटी सीलबंद आणा, उघडलेली चालत नाही." न उघडता आत पुठ्ठा किती आणि फळ किती हे मला स्वप्नात दिसणार होतं का? सडक्या मालाचं विचारलं तर तो विभाग वेगळा. त्या विभागाला नमुना हवा, आणि नमुना तोवर पार कुजलेला. त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे इथे कशाला आणलंत?"

640 ग्रॅमच्या बिया काढून, ताटात सुट्या गोठवून, पिशवीत भरून ठेवल्यात. तक्रारीपुढे "निकाली" असा शेरा आलाय. काय निकाल लागला ते कुणी सांगत नाही.