मिग-२१ चं मॉडेल : जुन्या साच्याचं किट घ्यावं की नव्या?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. तेव्हापासून ओळखीतल्या तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारलाय : १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लास्टिकचे भाग जोडून मिग-२१ करायचंय, तर साठ-सत्तरच्या दशकातल्या साच्याचं जुनं किट घ्यावं की अलीकडच्या साच्याचं नवं? मी दोन्ही केलीत. इथेच, सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत, एकाच टेबलावर. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. गोंद, कटर, ब्रश यांची ओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो.

जुनं किट एका ओळखीच्या गृहस्थांकडून ६०० रुपयांना मिळालं. खोक्याचा कोपरा कसरीने खाल्लेला, आतले भाग मात्र शाबूत. नवं परदेशातून मागवलं, टपाल आणि कस्टम धरून ४,००० च्या पुढे गेलं. पैशाचा फरक उघड आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

आधी नव्याबद्दल. धडाचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवले तेव्हा मी ते दिव्यासमोर धरून पाहिले, फटीतून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. पत्र्यांच्या जोडरेषा आत कोरलेल्या आहेत, केसासारख्या बारीक. पातळ केलेला काळपट रंग एका टोकाला टेकवला की रेघेतून आपोआप पुढे पळतो, आणि विमानाला एकदम जीव येतो. चाकांच्या खोबणीत नळ्या आहेत, वायरी आहेत. वैमानिकाच्या समोरची तबकडी पितळी पत्र्यावर छापलेली, भिंगातून पाहिलं तर काटे दिसतात. फटी भरायची लांबी जवळजवळ लागलीच नाही, फक्त पोटाखाली एका ठिकाणी नखभर.

जुन्याचं उलट. पंख धडाला लावला तर मुळाशी पोस्टकार्ड जाईल एवढी फट. तिथे आधी प्लास्टिकची पट्टी बसवली, मग वर लांबी, गॅरेजवाले गाडीला लावतात तीच. ती पातळ थरांत लावावी लागते, एकदम जाड भरली तर तिच्यातल्या थिनरने खालचं प्लास्टिक मऊ पडतं. तीन थर दिले, दोन रात्री वाळू दिलं, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलं. आणि इथेच जुन्या किटची खरी डोकेदुखी सुरू होते. त्याच्या जोडरेषा उठावदार आहेत, आत कोरलेल्या नाहीत, आणि रिव्हेट खसखशीच्या दाण्यांसारखे वर आलेले. सांधा घासायला गेलं की आजूबाजूच्या रेषाही घासून जातात. पाठीवरच्या सगळ्या गेल्या. मग जाड चिकटपट्टीची कड धरून, शिवणाची सुई लाकडी दांड्यात बसवून, मी त्या पुन्हा आत कोरल्या. पहिल्या दोन थोड्या वाकड्या आल्या, पुढच्या सरळ आल्या. कॉकपिटमध्ये एक खुर्ची आणि हात मांडीवर ठेवून बसलेला वैमानिक, एवढंच. वरची काच जाड, आतलं काही नीट दिसत नाही.

इथवर वाचून कुणीही नवं घेईल, आणि त्यात चूक काही नाही. पण कुठलं मिग-२१ करायचंय हे आधी ठरवा, कारण ही काही एकाच विमानाची दोन मॉडेल नाहीत. साठच्या दशकात ज्यांनी साचे बनवले त्यांच्यासमोर तेव्हाचं, सडपातळ पाठीचं मिग होतं. माझं जुनं किट त्या जातीचं. आपल्याकडे १९६३ पासून मिग-२१ आली, आणि नंतर नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जी एफएल जात बनू लागली ती याच अंगकाठीची. एफएलला आतली तोफ नव्हती, तोफ हवी तर पोटाखाली वेगळा पॉड लावत. १९७१ च्या युद्धात लढली ती ही विमानं. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला झाला, त्यातही ती होती. माझं नवं किट मात्र बिस या नंतरच्या जातीचं, म्हणजे पाठ फुगलेली, तोफ पोटातच. २०२५ मध्ये निवृत्त झालेली बायसन ही त्या बिसचीच सुधारलेली आवृत्ती. तेव्हा मनात १९७१ असेल तर जुन्या साच्याचा सांगाडा जास्त जवळचा, आणि चंदीगडचा निरोप असेल तर नवं. एफएलच्या जवळची जात नव्या साच्यातही शोधली तर मिळू शकेल, पण त्या पैशात सहा जुनी किटं येतात.

रंगाचंही तसंच. १९७१ मध्ये आपल्या कित्येक एफएलच्या चकचकीत चंदेरी पत्र्यावर तळावरच घाईने हिरवे-तपकिरी पट्टे मारले होते. फोटोत त्यांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात. असा रंग ब्रशनेच शोभतो, आणि त्याखाली लांबी आणि ओरखडे झाकले जातात. जुन्या किटवर कोरा चंदेरी रंग मात्र देऊ नका. चंदेरी रंग काही लपवत नाही, पॉलिश पेपरची एकेक रेघ उठून दिसते. तसं विमान हवं असेल तर मी स्वतःच नव्याकडे बोट दाखवीन.

आता माझ्यापुरता निकाल ज्याने लागला ते सांगतो : छताचा पंखा.

मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत सोलापुरात काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास जातो, आणि रात्री दहाला स्लॅबवर हात लावला तरी तो ऊब सोडत असतो. पंखा बंद करून टेबलावर बसणं म्हणजे पाच मिनिटांत कपाळावरचा घाम ताज्या रंगावर टपकणं. बोटं ओली झाली की बारीक भाग बोटालाच चिकटतात, जागेवर बसत नाहीत. म्हणून पंखा हवाच.

आणि नव्या किटला पंखा चालत नाही. या मापात मिग-२१ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर भरतात. तेवढ्यात नव्या साचेवाल्यांनी सगळं बसवलंय. मागच्या एका चाकाचा पाय सात तुकड्यांचा, मी मोजले. नाकापुढे जी लांब दांडी असते तिच्यावर छोट्या पात्या येतात, त्या पितळी पत्र्याच्या, प्रत्येक पाती तिळाच्या अर्धी.

एप्रिलमधली रात्र होती, साडेनऊ वाजले असतील. पंखा एकवर ठेवला होता. पितळी पट्टीतून एक पाती ब्लेडने सोडवली, चिमट्यात धरली. दांडीवर सुपरग्लूचा टिपका सुईच्या टोकाने ठेवला. दिवा जवळ ओढला, श्वास धरला, चिमटा पुढे नेला. चिमटा टेकला तेव्हा त्यात पाती नव्हती. आवाज झाला नाही, काही चमकलं नाही. पंखा बंद केला. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, तिच्या फटींत आधीच वर्षांची धूळ आहे. टॉर्च फरशीवर आडवी ठेवून मी खोलीभर फिरलो. आडव्या उजेडात बारीकशा कणाचीही लांब सावली पडते, हा चांगला उपाय आहे. साखरेचा दाणा सापडला, टाचणीचं डोकं सापडलं, पाती नाही. बनियन पाठीला चिकटला होता. शेवटी दिवा मालवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत टॉवेल झटकताना ती कठड्यावर पडली. काम करताना मी मांडीवर टॉवेल पसरतो, आमच्या गल्लीतल्या मागावरचाच. टर्किशच्या टाक्यांत पडलेला भाग उसळत नाही, अडकून बसतो. तुम्ही कुठलंही किट करा, हे जरूर करा. पाती टॉवेलनेच धरून ठेवली होती, पण वाकली होती. सरळ करायला गेलो तर मोडली. आज त्या मिगच्या दांडीवर एक पाती कमी आहे. पाहणाऱ्याला कळत नाही, मला रोज कळतं.

त्यानंतर मी नियम केला : पितळ आणि बारीक भाग असले की पंखा बंद, पंधरा मिनिटं काम, मग गॅलरीत जाऊन वारा घ्यायचा. असं आठवडाभर केलं. टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावून पाहिला, वारा भिंतीवरून परतून टेबलावर येतो. कूलर लावला तर खिडकीतून मागाचे तंतू आत येतात, शेजारी कारखाना आहे, दिवसभर हवेत कापूस असतो. शेवटी नवं किट खोक्यात ठेवलं आणि गड्ड्याची जत्रा आली तेव्हा, जानेवारीत, पुन्हा काढलं. त्या थंडीत ते अतिशय आनंदाने पूर्ण झालं हेही सांगितलं पाहिजे.

मधल्या काळात, भर मे महिन्यात, जुनं किट काढलं. त्यातला सगळ्यात लहान भाग म्हणजे पुढच्या चाकाचं दार, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. पंखा चारवर होता. १९ संध्याकाळी लागल्या, आणि त्यातल्या सहा-सात तरी घासण्यातच गेल्या. पण घासणं पंख्याखाली होतं. लांबी भरणं पंख्याखाली होतं, उलट ती लवकर वाळते. जुन्या किटचा त्रास हा मोठ्या हाताचा त्रास आहे. दिवसभर दुकानात उभं राहून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो झेपतो.

रंगात मात्र पंखा दोघांनाही नडतो. अ‍ॅक्रिलिक तर ब्रशवरून विमानापर्यंत जाईतो अर्धं वाळलेलं असतं, रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब घातल्याशिवाय ते पसरत नाही. मी उन्हाळ्यात एनॅमलच वापरतो. ते सावकाश वाळतं, म्हणून त्यावर तंतू बसतात, त्यावर उपाय कडक भाकरीचा पत्र्याचा डबा. रंग देऊन झाला की विमानावर डबा पालथा घालायचा आणि सकाळपर्यंत उचलायचा नाही.

डिकलबद्दल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील खुणांबद्दल, थोडं जास्त सांगतो, कारण जुनं किट घेणारे यालाच घाबरतात. माझ्या किटमध्ये भारतीय खुणा होत्या, पण चक्रातलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालेलं. डिकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, छापलेली बाजू बाहेर. सोलापूरच्या उन्हाने सहा दिवसांत पांढरं परत आणलं, केशरी आणि हिरवा जसेच्या तसे राहिले. मग पूर्ण कागदावर पारदर्शक लॅकरचा एक हात मारला. हे विसरू नका, नाहीतर जुनी डिकल पाण्यात पडताच त्यांचे तुकडे होतात. आणि पाणी बोअरचं घेऊ नका. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरात बोअरचं भरलेलं असतं, ते वाळलं की पांढरे डाग उमटतात. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली वर्षभर पुरते. नव्या किटची डिकल निर्विवाद चांगली, पातळ आणि मजबूत. पण त्यातली निम्मी म्हणजे विमानाच्या अंगावरच्या मुंगीएवढ्या सूचना. ती पंख्याखाली लावताना पाणी आधी वाळतं आणि अक्षर तिरकं असतानाच चिकटून बसतं.

ज्यांच्या खोलीत एसी आहे, किंवा जे पुणे-नाशिककडे राहतात, त्यांना माझी ही अडचण कदाचित पटणार नाही. त्यांनी नवं घ्यावं, सुंदर आहे. ज्यांना वर्षात एकच मॉडेल करायचंय आणि ते दिवाळी ते संक्रांत या काळात, त्यांनीही नवं घ्यायला हरकत नाही. पहिलंच मॉडेल असेल तर माझा थोडासा कल जुन्याकडे आहे, भाग कमी असतात आणि चूक झाली तर ६०० रुपयांतच होते. फक्त घेण्याआधी काच आणि डिकल यांचे फोटो मागवा. बाकी काहीही दुरुस्त होतं, तडा गेलेली काच होत नाही.

दोन्ही मिग आता काचेच्या कपाटात शेजारी उभी आहेत. पाहुणे आले की हात आधी नव्याकडे जातो, हे खरं आहे. माझा पुतण्या मात्र जुनं उचलून खिडकीपाशी नेतो, कारण त्याला मी ते हातात देतो. परवा त्याच गृहस्थांकडे तसंच दुसरं जुनं किट निघालं. ते घेतलं. पंखांच्या मुळाशी पट्ट्या बसवून काल लांबीचा पहिला थर दिलाय, आज रात्री दुसरा.